रोज तीन किमीचं चॅलेंज, दुखणाऱ्या नडग्या आणि गुहागरची वाळू

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. ताई ३९ वर्षांच्या आहेत, गुहागरला राहतात, पतसंस्थेत दिवसभर खुर्चीवरचं काम. मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घटस्थापनेपासून चॅलेंज सुरू झालंय, तीस दिवस रोज ३ किमी पळायचं आणि एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आज बारावा दिवस. दोन मिनिटं पळलं की धाप लागते, दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतायत, जिना उतरताना जास्त, आणि वजन काट्यावर जागचं हललेलं नाही. विचारलंय की किनाऱ्यावर अनवाणी पळू की रस्त्याने कॉलेजचे कॅनव्हासचे बूट घालून, चॅलेंज पूर्ण करू की सोडू, आणि आपलं वय झालंय का.

शेवटचं आधी. वय अजिबात झालेलं नाही. मी रत्नागिरी तालुक्यात शाळेत खेळ शिकवते आणि बरीच वर्षं सकाळी मोठ्या बायकांचा एक गट पळायला घेऊन जाते, त्यात पन्नाशीनंतर पहिल्यांदा पळायला लागलेल्या आहेत आणि आज आरामात अर्धा तास न थांबता पळतात. त्यामुळे ते मनातून काढून टाका.

पण तुम्ही 'स्टॅमिना कसा वाढवू' असं लिहिलंय ना, तो तुमचा खरा प्रश्न नाहीये. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला दोनच गोष्टी दिसतात, एक म्हणजे तुम्ही फार जोरात पळताय आणि दुसरं म्हणजे रोज पळताय. बाकी सगळं, म्हणजे धाप, नडग्या, सकाळी उठायचा कंटाळा, हे या दोन गोष्टींतून आलेलं आहे. (एक तिसरी शक्यता आहे, रक्ताची, ती पुढे सांगते, ती विसरू नका.)

जोरात पळताय हे मी कशावरून म्हणते? दोन मिनिटांत धाप लागते यावरून. सावकाश पळणाऱ्याला दोन मिनिटांत धाप लागत नाही. आपल्याकडे सकाळी रस्त्यावर पळणारे म्हणजे बहुतेक पोलीसभरतीची पोरं. त्यांना १६०० मीटर वेळेत मारायचं असतं, मुलींना ८०० मीटर, त्यामुळे ती जीव तोडून पळतात आणि बघणाऱ्याला वाटतं पळणं म्हणजे हेच. ती विशीतली पोरं, त्यांचं ध्येय काही मिनिटांचं. तुम्हाला भरती व्हायचं नाहीये, तुम्हाला पळायची सवय लावायची आहे, त्याचा वेग पूर्ण वेगळा. माझ्या गटात मी एकच कसोटी लावते, पळता पळता शेजारणीला काल रात्री काय जेवण केलं ते सगळं वाक्य न तोडता सांगता आलं पाहिजे. 'भात... आमटी... आणि...' असं तुटक आलं की वेग कमी. एकट्या असाल तर मनाचे श्लोक म्हणा, आरती म्हणा, काहीही. पहिल्या महिन्यात हा वेग भरभर चालण्यापेक्षा किंचितच जास्त असतो आणि बायकांना त्याची लाज वाटते, कोणी बघेल तर म्हणेल ही पळतेय की चालतेय. म्हणू देत. हृदय, फुप्फुसं, पायातल्या बारीक रक्तवाहिन्या यांचं काम याच वेगात वाढतं आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून येत नाही.

आता रोजचं. इथे जरा थांबून समजून घ्या कारण चॅलेंजचा सगळा घोळ इथेच आहे. आपण पळायला लागलो की दम दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागतो, तो लवकर शिकतो. स्नायू त्याच्या मागून. पण हाडं आणि स्नायूबंध फार सावकाश बदलतात. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी तिथलं जुनं हाड थोडं झिजवून काढतं आणि मग त्या जागी नवीन भरतं, आणि हे पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत तुमचं नडगीचं हाड मजबूत होण्याआधी थोडं कच्चंच झालेलं असतं. त्याच काळात आपण रोज त्याच्यावर आपटत राहिलो तर भरायला फुरसतच मिळत नाही. म्हणूनच नवीन पळणाऱ्यांचं दुखणं पहिल्या दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतं, जेव्हा दम वाढलेला असतो आणि उत्साह भरपूर असतो. तुमचा बारावा दिवस, अगदी वेळेवर आलंय ते.

त्यामुळे एक दिवसाआड, आठवड्यातून तीन दिवस, हे मी आळशीपणाचं वेळापत्रक म्हणून सांगत नाहीये. मधल्या दिवशी पायाचं काम आतून चालूच असतं. जगभर चाललेला 'काउच टू फाइव्ह के' नावाचा नवशिक्यांचा कार्यक्रम आहे ना, १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या माणसाने लिहिलेला, तोसुद्धा नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस असाच आहे. तीस दिवस रोज हे मोबाईलवर दिसायला छान दिसतं, पण ते आकडा मोजतं, पाय मोजत नाही. आणि 'एक दिवस चुकला की पहिल्यापासून' हा नियम तर मला मनापासून चुकीचा वाटतो, कारण दुखत असतानाही पळायला लावणारा नियम आहे तो.

मग आत्ता काय करायचं. आधी नडगी तपासा, घरीच. खुर्चीत बसा, पाय मांडीवर घ्या, अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेने घोट्यापासून वर गुडघ्याकडे दाबत या. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात, जरा पसरलेलं दुखलं, आणि पळायला सुरुवात केली की जास्त, अंग गरम झालं की कमी, असं असेल तर ते नेहमीचं नवशिक्यांचं नडगीचं दुखणं, घाबरायचं कारण नाही. पण एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी टचकन दुखलं, त्या एका पायावर उडी मारताच येत नाही, किंवा रात्री झोपेत ठणकतं, यातलं काहीही असेल तर पळणं पूर्ण बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असेल तर पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही बऱ्याचदा, त्यामुळे 'एक्स-रे क्लिअर आला' म्हणून लगेच पळायला लागू नका, डॉक्टरांना हे सगळं वर्णन नीट सांगा. तुम्ही दोन्ही नडग्या, आतल्या बाजूने, असं लिहिलंय म्हणजे पहिलाच प्रकार असावा असं वाटतं, पण मी काही हात लावून बघितलेलं नाही.

पहिलाच प्रकार असेल तर दहा-बारा दिवस पळणं बंद, चालणं चालू. सपाटीवर अर्धा तास, दुखणार नाही अशा वेगाने. ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून संध्याकाळी पंधरा मिनिटं लावलात तर बरं वाटतं, त्याने दुखणं मुळातून जात नाही, आराम पडतो एवढंच. मुळातून जायला पोटऱ्यांत ताकद हवी. घरासमोर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, असेल तर तिच्याच पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, भिंतीला हात टेकून टाचा सावकाश वर न्यायच्या, एक-दोन-तीन मोजत खाली आणायच्या. बारा वेळा, थांबून पुन्हा बारा, पुन्हा बारा. पायरी कोरडी हवी, सध्या शेवाळ अजून सुकलेलं नाहीये आणि जांभ्यावरचं शेवाळ म्हणजे पाय गेलाच. नाहीतर उंबऱ्यावर करा. याच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठबस, आणि पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची. हे सगळं पंधरा मिनिटांत होतं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होतं, आठवड्यातून दोनदा. पळणाऱ्या बायका हा भाग हमखास टाळतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, चाळिशीच्या आसपास तर फारच, कारण पुढे पाळी जाताना हाडं विरळ होत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा व्यायाम सांगितलाय आणि त्याच्या सोबत आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हा दुसरा अर्धा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही.

नडगी शांत झाली की मग पळणं, पण चालत चालत. पाच-सात मिनिटं नुसतं चालायचं. मग एक मिनिट सावकाश पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सात वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालून घरी. बस. पहिले दोन आठवडे एवढंच, जमतंय असं वाटलं तरी एवढंच. मग दीड मिनिट पळणं, दोन चालणं. मग दोनास दोन, मग तीनास दीड. पुढच्या पायरीवर कधी जायचं? तर दुसऱ्या दिवशी सकाळी बिछान्यातून उतरल्यावर नडगी आणि टाच गप्प असतील तर. नसतील तर त्याच आठवड्यात आणखी एकदा राहायचं, त्यात काही गमावत नाही. असं दहा-बारा आठवड्यांत वीस-पंचवीस मिनिटं सलग पळणं बहुतेकींना जमतं, कोणाला आठात जमतं, कोणाला सोळा लागतात. आधीचं वजन, झोप, घरातलं काम, लहान मूल आहे की नाही, यावर आहे ते.

मध्ये चालणं म्हणजे हार मानणं, असं तुमच्या मैत्रिणीने लिहिलंय म्हणता. तिला सांगा की १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून १०,००० मीटरला उतरलेला जेफ गॅलोवे याने कित्येक दशकं लोकांना पळणं-चालणं आलटूनपालटून करतच मॅरेथॉनपर्यंत नेलं, आणि ते मधलं चालणं दमल्यावर नाही तर दमायच्या आधीच घ्यायचं हा त्या पद्धतीचा गाभा आहे. दमल्यावर चाललात तर फायदा निम्मा.

आता तुमचा किनाऱ्याचा प्रश्न, आणि यावर मला बरंच बोलायचंय कारण आपल्याकडे राहणाऱ्या माणसाला इंटरनेटवरचा सल्ला इथेच कमी पडतो. पुण्यातल्या माणसाला सपाट रस्ता मिळतो, बाग मिळते. आपल्याला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला लगेच चढ. गुहागरात तरी गाव किनाऱ्याला समांतर लांब पसरलंय, वाडीतून जाणारा रस्ता बऱ्यापैकी सपाट मिळतो, बाकी आमच्यासारख्यांना घरातून बाहेर पडलं की घाटीच.

वाळूत दोन प्रकार. सुरूच्या बनाच्या बाजूची कोरडी भुसभुशीत वाळू आणि पाण्याकडची ओली घट्ट वाळू. कोरड्या वाळूत पाय रुततो, त्याच वेगाला दीडपटीच्या आसपास ताकद लागते, टाच खाली जाते आणि पोटरी आणि टाचेची शीर ताणली जाते. नवशिक्याने तिथे पळूच नये, चालायला मात्र उत्तम. ओली वाळू पळायला चांगली, पण ती समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने लांबवर पळत गेलात तर समुद्राकडचा पाय सतत खाली, गावाकडचा वर, त्याने गुडघ्याची बाहेरची बाजू आणि कंबर धरते. त्यामुळे जेवढं जाल तेवढंच परत या, आणि जिथे वाळू जास्तीत जास्त सपाट तिथूनच पळा.

आणि ती सपाट जागा मिळते पूर्ण ओहोटीला. म्हणजे किनाऱ्यावर पळायचं तर घड्याळाआधी तिथी बघायची. तुमच्याकडच्या जुन्या माणसांना विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला भरती, आणि त्याच्या सहा तास मागेपुढे, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचला, सहाला गेलात तरी वाळू भरपूर उघडी असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळी पुन्हा सहा-साडेसहाला भरती, दोन्ही वेळा गेल्या. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती उधाणासारखी वर येत नाही हे खरं, पण उरतो तो पट्टा उताराचा आणि मऊ वाळूचा. मिनिटांचा हिशेब याने काढू नका, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पळायला मात्र एवढा अंदाज पुरतो. तेव्हा महिन्याची मांडणी अशी करा की पौर्णिमा-अमावास्येपासून पुढे तृतीयेपर्यंत सकाळची ओली वाळू, आणि अष्टमीच्या आसपासचा आठवडा रस्ता किंवा शाळेचं मैदान. आता कोजागिरी आलीच आहे, तेव्हापासून तीन-चार दिवस सकाळी उत्तम ओहोटी आहे, तुमचं चालणं तिथेच सुरू करा.

अनवाणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. अनवाणी पळणं वाईट नाही, पण वर्षानुवर्षं चपला-सँडल घातलेल्या पायाला ते एकदम झेपत नाही. बुटात टाच थोडी उंच असते, ती एकदम काढली की सगळा ताण पोटरी आणि टाचेच्या शिरेवर, आणि तुमच्या नडग्या आधीच कुरकुरतायत. शेवटची पाच मिनिटं चालण्याची असतात ना, तेवढी अनवाणी चाला, महिन्या-दोन महिन्यांनी त्यातली एक-दोन मिनिटं पळून बघा. खाली बघत मात्र चाला, जाळ्यांचे तुकडे, गळ, बाटल्यांच्या काचा, कालवांची धारदार शिंपलं, सगळं असतं. पायाला चीर असेल तर साचलेल्या पाण्यातून, शेताच्या बांधावरून अनवाणी अजिबात जायचं नाही, लेप्टो (साचलेल्या पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आपल्याकडे आहे आणि पाऊस आत्ताच गेलाय. ताप आला तर डॉक्टरांना सांगा की चिखलात पाय गेला होता.

बुटांवर फार खर्च नको. तुम्ही म्हणता तसे कॉलेजचे कॅनव्हासचे बूट पळायला नको हे नक्की, पण दहा हजारांचेही नकोत. चिपळूण-रत्नागिरीला गेलात की संध्याकाळी दुकानात जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो, पळायचे मोजे घालूनच मापून बघा, पुढे अंगठाभर जागा हवी, टाच आत हलता नये, आणि दुकानातच चार पावलं पळून बघा. पायाला बरे वाटतील तेच घ्या, कंपनीचं नाव दुसरं. खरी अडचण आपल्याकडे बूट सुकवायची. दमट हवेत ते दोन दिवस सुकत नाहीत आणि मग बायका ते चुलीजवळ नाहीतर कडक उन्हात ठेवतात, त्याने तळ सुटतो. आतली पातळ गादी काढून वेगळी वाळवायची, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे, आणि पंख्याखाली ठेवायचे. एक दिवसाआड पळण्याचा हा एक फायदाच.

उतारांबद्दल एकच. चढाला चालायचं, आणि उताराला तर चालायचंच. धाप चढाला लागते पण नडग्या आणि गुडघे उतार मोडतो, कारण प्रत्येक पावलाला शरीर ब्रेक मारत असतं. तुम्हाला जिना उतरताना दुखतं ना, म्हणून सांगते. पहिले तीन-चार महिने तरी उतार पळायचा नाही.

हवा. आपल्याकडे पुण्यापेक्षा सावकाशच पळलं जातं, हे मान्य करून टाका. घाम आला म्हणून अंग थंड होत नाही, घाम उडून गेला तर होतं, आणि दमट हवेत तो उडतच नाही, नुसता निथळतो. त्यामुळे त्याच वेगाला छाती जास्त धडधडते. ऑक्टोबरच्या उन्हाची शरीराला सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर सकाळी साडेसात-आठच्या आत घरात. पळायच्या आधी पेलाभर पाणी, अर्धं वेलची केळं. अर्ध्या तासाच्या पळण्याला वाटेत काही लागत नाही. घरी आल्यावर मीठ घातलेली पेज किंवा कोकमाचं सरबत मीठ-जिरं घालून, झालं. चक्कर, मळमळ, अंगावर काटा असं काही वाटलं तर त्याच क्षणी थांबून सावलीत बसायचं, अंगावर पाणी घ्यायचं. घामाने मांड्या, काख घासतात तिथे आधीच खोबरेल लावा.

आता रक्ताचं, जे मी मघाशी म्हटलं. दोन मिनिटांत धाप लागण्यामागे हिमोग्लोबिन कमी असणं हे बायकांमध्ये फार मोठं कारण असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिनच प्राणवायू वाहून नेतं, तेच कमी असेल तर कितीही सावकाश पळा, धाप लागणारच, आणि बाई म्हणत राहते माझ्यात स्टॅमिना नाही. माझ्याकडे नवीन येणारीला मी पहिल्याच दिवशी ही तपासणी करून आणायला सांगते, सीबीसी नावाची साधी रक्ततपासणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कुठल्याही लॅबमध्ये होते. गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या वर हवं. पाळीत जास्त जात असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, लाजू नका. गोळ्या डॉक्टर देतील तशाच, पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत, जेवणाबरोबर लिंबू किंवा आवळा, आणि जेवणानंतर तासभर तरी चहा नाही, चहाने लोह अंगाला लागत नाही. सोबत बीपी, साखर बघून घ्या. आणि पळताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी असं कधीही झालं तर आधी डॉक्टर, पळणं नंतर.

आणखी एक, जे कोणी विचारत नाही पण मनात असतं. बाळंतपणं झालेल्या बऱ्याच बायकांना पळताना, शिंकताना थेंबभर लघवी होते आणि त्या कारणाने गुपचूप पळणं सोडतात. हे फार कॉमन आहे आणि सुधारतं. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा, बसल्या जागी कॅश मोजताना पण करता येतं. तीन महिने नेटाने करा. नाही फरक पडला तर बायकांचं फिजिओथेरपी करणारी कोणी बघा. कपड्यांचं म्हणाल तर सलवार-कुर्ता चालतो, ओढणी नको, पण चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा हवीच, तिच्यावर बुटांइतकाच खर्च करा. लोक बघतात, हो बघतात, पंधरा दिवस बघतात मग त्यांनाच सवय होते. सोबतीला एक जण घ्या. अंधारात निघत असाल तर टॉर्च हवाच, पावसानंतरच्या या दिवसांत सड्यावर, गवतात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं आणि ते वाटेच्या रंगात दिसत नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबा, तोंड त्याच्याकडे ठेवून हळू मागे सरका. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस.

वजनाचं वाईट वाटून घेऊ नका. पळण्याला मोटामोटी किलोला किलोमीटरमागे एक कॅलरी जाते. ६५ किलोच्या बाईने ३ किमी पळलं की दोनशेच्या आत-बाहेर. एवढ्या एका वडापावात भरून निघतात. म्हणजे बारा दिवसांत काटा हलणं शक्यच नव्हतं. वजन कमी करायचं तर ताटाकडे बघायला हवं, भाताचा डोंगर थोडा कमी आणि कुळथाची पिठी, उसळ, अंडं, मासे जास्त. कुळथात शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत आणि ते आपल्या घरात आहे, डबे विकत आणायची गरज नाही. पळण्याचा फायदा आधी झोपेत, मग जिना चढताना दिसतो, काट्यावर सगळ्यात शेवटी.

राहिलं चॅलेंज. सोडू नका, बदलून घ्या. ग्रुपवर लिहा की नडगी दुखतेय म्हणून दहा दिवस चालणार आहे, आणि नवीन नियम सुचवा, किलोमीटर नाही तर आठवड्याची मिनिटं मोजायची. प्रत्येकीने आठवड्याला १५० मिनिटं, चालणं, पळणं, सायकल, काहीही, आणि दोन दिवस पायरीचा व्यायाम. जी आजारी पडली, जिच्या घरी पाहुणे आले, तिने उरलेली मिनिटं पुढच्या आठवड्यात वाटून घ्यायची, पहिल्यापासून मोजायचं नाही. माझ्या गटात असंच चालतं आणि दिवाळीच्या फराळाच्या धांदलीतही बायका टिकतात. मला खात्री आहे तुमच्या ग्रुपमध्ये आणखी दोघी-तिघी नडगी धरून गप्प बसलेल्या असणार, त्यांना तुम्ही लिहिलेलं वाचून सुटल्यासारखं वाटेल.

तुम्ही सुरुवात चांगल्या महिन्यात केलीय. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सकाळची हवा पळायला वर्षातली सगळ्यात चांगली, मार्चचं ऊन तापायच्या आत वीस मिनिटं सलग पळणं तुम्हाला व्यवस्थित जमू शकतं. या आठवड्यात फक्त तीन कामं करा, अंगठ्याने नडगी दाबून बघणं, सीबीसी, आणि कोजागिरीनंतरच्या ओहोटीला अर्धा तास चालणं. रिपोर्ट आला की हिमोग्लोबिनचा आकडा कळवा, १२ च्या खाली असला तर पळणं आणखी काही आठवडे पुढे ढकलून चालण्याचंच वेळापत्रक करून देते.